११ वर्षांचा मुलगा 'रेनबो सिक्स सीज' (ऑनलाइन, टीमने खेळायचा बंदुकीचा गेम) मागतोय, वर्गातले सगळे खेळतात म्हणतो. द्यावा का?

अकराव्या वर्षी नको. पण नको म्हणण्याचं मुख्य कारण रक्त नाही, म्हणून थोडं सविस्तर.

तुम्ही लिहिलंय की दोन क्लिप पाहिल्या आणि फार काही भयंकर दिसलं नाही. बरोबर आहे. सीजमध्ये गोळी लागली की लाल शिंतोडे उडतात, माणूस कोसळतो आणि विषय संपतो. हातपाय तुटून पडत नाहीत. खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. फ्रॉस्ट या पात्राचा सापळा खिडकीखाली लावलेला असतो; आत उडी मारणाऱ्याचा पाय त्यात अडकतो. स्मोक विषारी वायू सोडतो. कावेरा जखमी होऊन पडलेल्या खेळाडूला दाबून धरते, चाकू लावून 'चौकशी' करते आणि त्या बदल्यात त्याच्या उरलेल्या साथीदारांच्या जागा तिच्या टीमला दिसतात. सोळा वर्षांच्या मुलाला हा निव्वळ डावपेच वाटतो. अकरा वर्षांच्या काही मुलांनाही तसंच वाटतं, काहींना मात्र ते झोपताना आठवतं. तुमचा मुलगा यातला कुठला, हे परक्या माणसाने सांगण्यासारखं नाही.

आता वयाच्या शिक्क्याबद्दल. गेमना वयाचं मानांकन देणाऱ्या अमेरिकेच्या ईएसआरबी या संस्थेने सीजला 'एम' म्हणजे १७ वर्षांवरील असं मानांकन दिलंय, युरोपच्या पेगीने १८. याच जातीच्या व्हॅलोरंटला ईएसआरबीने 'टी' म्हणजे १३ वर्षांवरील दिलं, तर पेगीने १६. एकाच गेमवर दोन संस्थांमध्ये तीन वर्षांचा फरक पडतो, म्हणजे शिक्का ही सुरुवात समजायची, निकाल नव्हे. शिवाय सगळ्यात वरच्या गटातले सगळे गेम सारखे नसतात. 'रेडी ऑर नॉट' हा पोलिसी कारवाईचा गेमही मोठ्यांसाठीच आहे, पण त्यात कॉलेजमधल्या गोळीबाराची कामगिरी आहे आणि मुलांच्या शोषणाचा विषयही येतो. गंमत म्हणजे त्यात आधी ओरडून शस्त्र टाकायला सांगावं लागतं, शरण आलेल्याला बेड्या घालाव्या लागतात आणि विनाकारण गोळी झाडली तर गुण कापले जातात. वागण्याचे नियम कडक, विषय मात्र फार जड. तो गेम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलालाही मी देणार नाही. सीजचा त्या वयात विचार करता येईल.

शिक्का ज्याबद्दल फारसं सांगत नाही ती गोष्ट म्हणजे व्हॉइस चॅट. मानांकन देणारे कंपनीने गेममध्ये घातलेलं तपासतात. ऑनलाइन खेळणारी माणसं काय बोलतात ते त्यात धरलेलं नसतं, आणि ईएसआरबी तसं स्वतःच लिहिते. सीजसारखा टॅक्टिकल शूटर (डावपेचांचा बंदुकीचा गेम) बहुधा पाच विरुद्ध पाच असतो आणि सीजच्या नेहमीच्या सामन्यात मेलात की तो राउंड संपेपर्यंत परत येता येत नाही. मेलेला खेळाडू कॅमेऱ्यातून उरलेल्यांचा खेळ बघत बसतो. शेवटी एकच जण जिवंत उरतो तेव्हा चार अनोळखी माणसं त्याची प्रत्येक हालचाल पाहत असतात आणि हरल्यावर कुणाच्या चुकीमुळे हरलो ते मोठ्याने सांगतात. त्यात आपल्याच टीममेटला लागलेली गोळीही इजा करते, त्यामुळे नवख्याकडून चुकून साथीदार मरतो आणि शिव्या सुरू होतात. हे चौघं बहुधा प्रौढ असतात. बारीक आवाज ऐकू आला की काही जण मुद्दाम छळतात, आणि काही जास्तच गोड बोलायला लागतात. दुसरा प्रकार जास्त काळजीचा.

बंदुकीचे गेम खेळून मुलं हिंसक होतात का, हेही तुम्ही विचारलंय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपला जुना ठराव सुधारला: हिंसक गेममुळे प्रत्यक्ष हिंसा होते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही; ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी मात्र छोटा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. घरात जाणवतं तेही साधारण एवढंच: दार आपटणं, जेवायच्या ताटावर चिडचिड. तेवढ्यावर लक्ष ठेवा, त्यापुढची भीती सोडा.

वेळेचं गणित आधीच करून ठेवा, कारण भांडणं बहुतेक इथेच होतात. सीजच्या एका राउंडमध्ये ४५ सेकंद तयारी आणि ३ मिनिटं प्रत्यक्ष खेळ. रँक्ड (क्रमवारीसाठीच्या) सामन्यात जास्तीत जास्त ९ राउंड. पात्रं निवडण्याचा वेळ धरला तर एक सामना ४० मिनिटांवर जाऊ शकतो. रँक्ड सामना मध्येच सोडला तर दंड होतो आणि उरलेले चौघं अडकतात. म्हणून कन्सोलवर '६० मिनिटं' असं कुलूप लावलं की ते नेमकं दुसऱ्या सामन्याच्या मध्यावर पडतं, आणि मुलाचा संताप खरा असतो. मर्यादा मिनिटांत ठेवू नका, सामन्यांत ठेवा: आठवड्याच्या दिवशी एक, सुट्टीला दोन, आणि ठरलेल्या वेळेनंतर नवा सामना सुरू करायचा नाही. कन्सोलचं कुलूप त्याच्यापुढे ५० मिनिटांवर, फक्त शेवटची अडवणूक म्हणून.

पैशांचं थोडक्यात. जून २०२५ पासून सीजचा बराच भाग फुकट खेळता येतो, म्हणजे विकत घेण्यासाठी मुलगा तुमच्याकडे येईलच असं नाही. खर्च होतो तो स्किन (पात्राचं किंवा बंदुकीचं सजवलेलं रूप) आणि बॅटल पासवर (पैसे भरून मिळणारी हंगामी बक्षिसांची योजना). काउंटर-स्ट्राइक २ या अशाच दुसऱ्या गेममध्ये तर पेटी उघडायला किल्ली विकत घ्यावी लागते, आत काय निघेल ते नशिबावर, आणि निघालेली स्किन पुढे विकता येते. त्याला मी जुगारच म्हणेन. खात्याला कार्ड जोडून ठेवू नका.

स्वतः पारखायचं असेल तर क्लिप बघू नका. क्लिपमध्ये फक्त हेडशॉट असतात. वाट बघणं, हरणं, टीममधली बोलणी सगळं कापलेलं असतं. संपादन न केलेला एक पूर्ण रँक्ड सामना आवाज चालू ठेवून बघा. मग बॉटविरुद्धच्या (संगणकाने चालवलेल्या खेळाडूंविरुद्धच्या) सरावात स्वतः अर्धा तास खेळा. नीट जमणार नाही, चालेल. आपण गोळी झाडल्यावर पडद्यावर काय दिसतं आणि कानाला काय ऐकू येतं ते कळणं पुरेसं आहे. तिसरी पायरी मुलासोबत: आत्ता तो जो कुठला स्पर्धेचा गेम खेळतो त्यात हरल्यानंतरची दहा मिनिटं बघा. 'पुन्हा' म्हणून लगेच बटण दाबतो, की उठून पाणी प्यायला जातो? कोणामुळे हरला म्हणतो? वयाच्या आकड्यापेक्षा मला हे जास्त उपयोगी वाटतं.

पुढे कधी परवानगी दिलीत तर खातं उघडताना जन्मतारीख खरी टाका. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गेम सुरू होत नाही म्हणून कुणीतरी मुलाला वीस वर्षांचा करून टाकतं, आणि त्या एका खोट्या तारखेने अनोळखी लोकांचे मेसेज, खरेदी, व्हॉइस, सगळ्यांवरचे निर्बंध एकदम उठतात. त्याऐवजी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर मुलाचं वेगळं खातं करा, वयाची मर्यादा तशीच ठेवा आणि पालकाच्या खात्यातून त्या एका गेमपुरती सूट द्या. बोलणं 'फक्त मित्र' वर ठेवा. गेममधलं व्हॉइस आणि टेक्स्ट चॅट वेगळं बंद करावं लागतं. त्याने कन्सोलची पार्टी चॅट (गेमबाहेरच्या गटगप्पा) बंद होत नाही, ती तिसरी जागा. डिस्कॉर्ड हे गप्पांचं वेगळं ॲप ही चौथी, आणि तिथे किमान वयच १३ आहे. हेडफोन नकोत, आवाज स्पीकरवर, यंत्र बैठकीच्या खोलीत. मोठं अपडेट आलं की सेटिंग पुन्हा उघडून बघा.

तोवर काय द्यायचं? टीम, नेम आणि डावपेच हवे असतील तर स्प्लाटून उत्तम: पेगी ७, गोळ्यांऐवजी शाई, चार विरुद्ध चार, टर्फ वॉरचा सामना ३ मिनिटांत संपतो. त्याला तो 'लहान मुलांचा' वाटेल, पण त्यातही नकाशा वाचावा लागतो. तेरा-चौदाव्या वर्षी व्हॅलोरंट चालेल, व्हॉइस बंद ठेवून. त्यात रक्त आणि मृतदेह दोन्ही लपवायची सेटिंग आहे. सीजचा विषय पंधरा-सोळाला पुन्हा काढा, आणि तेव्हाही पहिले काही महिने फक्त ओळखीच्या चार मित्रांची पूर्ण टीम असेल तरच. पाचवा अनोळखी भरावा लागला तर त्याला म्यूट करूनच सामना सुरू करायचा, हे आधी ठरवून घ्या.

'सगळे खेळतात' याचं काय करायचं ते राहिलं. तो ज्या मुलांची नावं घेतो त्यांपैकी एकाच्या पालकांना फोन करा आणि मुलगा कुणाच्या खात्यावरून खेळतो, व्हॉइस चालू असतो का, एवढंच विचारा. बऱ्याचदा ते खातं मोठ्या भावाचं निघतं आणि पालकांना तुमच्या फोनवरच कळतं.