इडियमची यादी तुमच्या हातात कशाला?

प्रश्न: माझी मुलगी २३ वर्षांची आहे, बीएस्सी झालीय, दहावीपर्यंत मराठी माध्यम. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलचा (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) हा दुसरा अटेम्प्ट. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मी स्वतः तिला रोज पहाटे साडेपाचला उठवून ४० इडियम्स (इंग्रजी वाक्प्रचार) विचारतो. मी अर्थ सांगतो, तिने इडियम सांगायचा. चुकला की दहा वेळा लिहायचा. तरी आठवड्याने परत विचारलं की अर्धे विसरलेले असतात. चुलतभाऊ पहिल्याच अटेम्प्टला लागला, हिचं लक्षच नाही. हल्ली घरात फार बोलतही नाही. मध्ये एकदा बीएड करते म्हणाली होती, आम्ही मनावर घेतलं नाही. शेवटच्या मॉकच्या (सराव परीक्षेच्या) स्कोअरकार्डचा फोटो जोडलाय. चार महिन्यांत किती इडियम्स पाठ व्हायला हवेत आणि कुठलं पुस्तक घ्यावं ते सांगा. तिलाही दोन शब्द समजावून सांगा. (एक पालक)

नमस्कार,

पुस्तकाचं नाव मी देणार नाहीये, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत बसणार नाही. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मी इडियमपाशी थांबलोच नाही, थांबलो ते 'हल्ली घरात फार बोलतही नाही' या वाक्यापाशी, आणि ते तुम्ही अशा ठिकाणी लिहिलंय की जणू तोही तिच्या आळशीपणाचाच पुरावा आहे. अहो, जिचा दिवस रोज तोंडी परीक्षेने सुरू होतो आणि परीक्षक घरातलाच, म्हणजे चहाला समोर, जेवायला समोर, ती बोलणार कशाबद्दल? तोंड उघडलं की पुढचा प्रश्न येणार हे तिला माहितीय. पदवीधर मुलगी आहे ती. आणि चुकलं की दहा वेळा लिही, ही शिक्षा चौथीतल्या पोरालासुद्धा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चुलतभावाचं तर सोडाच, तो लागला याचा आनंद आहे, पण त्याचं नाव घरात दिवसातून किती वेळा निघतं हे एकदा तुमच्या पत्नीला विचारा, मुलीला नको.

आता तो स्कोअरकार्डचा फोटो. तुम्ही जोडलात, पण नीट बघितलात का? रीझनिंग ५० पैकी ४१, इंग्रजी ३७, जीके २२, गणित १७. 'इंग्रजी कच्चं आहे' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मराठी माध्यमावरून ना? कारण मार्कांवरून तर ते कुठेच दिसत नाही, चारात दुसऱ्या नंबरचा विषय आहे तो तिचा. इंग्रजीत २१ प्रश्न सोडवलेत, १९ बरोबर. अजून एक बघा, गणितात २५ पैकी फक्त ११ सोडवलेत आणि त्यातले ९ बरोबर आलेत. म्हणजे गणित येत नाही असंही नाहीये, १४ प्रश्न तिने हातच लावलेला नाही. वेळ पुरत नाही, का भीती वाटते, का गणित सगळ्यात शेवटी घेते आणि तोपर्यंत घड्याळ संपलेलं असतं, हे मला इथे बसून कळणार नाही, पण तिला नक्की माहीत असणार. पहाटे साडेपाचला तिला कुणी विचारायचंच असेल तर हे विचारायला हवं होतं.

मग तुम्ही इडियमच का धरलेत? राग मानू नका, पण मला वाटतं त्याचं कारण तिच्या अभ्यासात नाही, तुमच्यात आहे. तिच्या सगळ्या सिलॅबसमध्ये तुम्हाला हातात धरून तपासता येईल अशी ही एकच गोष्ट आहे. एका बाजूला इडियम, दुसऱ्या बाजूला अर्थ, बरोबर का चूक लगेच कळतं. गणिताची ट्रिक बरोबर आहे का हे तुम्हाला सांगता येणार नाही, उताऱ्यावरचे प्रश्न तपासता येणार नाहीत, पण यादी तपासता येते, आणि तपासलं की आपण पोरीसाठी काहीतरी करतोय असं समाधान मिळतं. तुमची तळमळ खरी आहे, पहाटे तुम्हीही तिच्यासोबत उठताय, मला ते दिसतंय. पण त्या समाधानाची किंमत ती मोजतेय. अशी घरं मी खूप बघितलीत, कुठे यादी चालू घडामोडींची असते, कुठे राजधान्यांची, आणि पालकांना दर वेळी मनापासून वाटतं की आपण मदत करतोय.

इडियमचं वजन किती तेही बघून घ्या. टिअर वनमध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, १०० प्रश्न, ६० मिनिटं, इंग्रजीचे २५, त्यातले इडियमचे साधारण दोन-तीन. प्रश्नाला २ मार्क, चुकला तर अर्धा जातो. आणि सध्याच्या पॅटर्नमध्ये टिअर वन फक्त पुढे जाण्यापुरतं आहे, मेरिट टिअर टूवर, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर लागतं. टिअर टूच्या मुख्य पेपरात इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ मार्क, म्हणजे ३९० पैकी १३५. हे भरपूर आहे, इंग्रजी सोडून चालणार नाही हे तुमचं म्हणणं बरोबरच. पण त्या ४५ मध्ये उतारे, गाळलेल्या जागा, वाक्यातल्या चुका, वाक्यांचा क्रम, व्हॉइस, नॅरेशन असं सगळं आलं, इडियम मोजकेच. त्याच पेपरात गणिताचे ३० प्रश्न आहेत, तेही ३ मार्कांचे, म्हणजे ९०. आणि मॉकमध्ये गणिताचेच अर्ध्याहून जास्त प्रश्न ती कोरे सोडतेय.

आता सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो एकट्या तुमचा नाही, 'एक हजार इडियम्स तीन तासांत' असले व्हिडिओ बघणाऱ्या निम्म्या मुलांचा आहे. तो असा की इडियम म्हणजे पाढे, एका क्रमाने घोकले की झालं. तुम्ही अर्थ सांगता आणि तिने इडियम सांगायचा, असं उलटं विचारणारी परीक्षा मला तरी माहीत नाही. पेपरात इडियम समोर छापलेला असतो, बरेचदा अख्ख्या वाक्यात असतो, खाली चार ऑप्शन असतात, त्यातला ओळखायचा. ओळखणं वेगळं आणि कोऱ्या पाटीवर आठवून सांगणं वेगळं, दुसरं कितीतरी अवघड आहे, आणि तुम्ही रोज तेच करून घेताय. तरी अर्धे लक्षात राहतात म्हणता! आठवड्याचे २८० झाले, त्यातले १४० उलट्या दिशेने आठवतात, मला नाही आठवणार. शिवाय सगळे इडियम एका जातीचे नसतात. काही आपल्याकडे जसेच्या तसे आहेत, आगीत तेल ओतणं, नक्राश्रू, मांजराच्या गळ्यात घंटा, पांढरा हत्ती, यांच्यावर एक मिनिटही घालवू नये, एकदा वाचले की पुरे. काहींच्या मागे गोष्ट असते. 'क्रॉस द रुबिकॉन' घ्या, इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझरने सैन्य घेऊन रुबिकॉन नदी ओलांडली आणि मग माघारीचा रस्ता उरला नाही, एवढं माहीत असेल तर चार ऑप्शनमध्ये चुकायला जागाच नाही. 'मीट वन्स वॉटर्लू' म्हणजे १८१५ चा नेपोलियनचा शेवटचा पराभव. 'पिरिक व्हिक्टरी' म्हणजे पिरस राजाने इ.स.पू. २७९ मध्ये रोमनांना हरवलं पण स्वतःचीच इतकी माणसं गमावली की जिंकून हरल्यासारखं झालं, आपला 'गड आला पण सिंह गेला' आठवा, तंतोतंत तेच नाही पण ऑप्शन निवडायला तेवढं पुरतं. मग येतात फसवणारे, आणि खरे मार्क तिथे जातात. 'पुल समवन्स लेग' बघितलं की आपल्या डोक्यात पाय खेचणं येतं, ऑप्शनमध्ये 'एखाद्याच्या प्रगतीत अडथळा आणणे' मुद्दाम दिलेलं असू शकतं, मुलं टिक करतात आणि मार्क जातो, कारण त्याचा अर्थ नुसती चेष्टा करणं, थट्टेत फसवणं. आणि उरतात ते खरंच पाठ करायचे, 'अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स' म्हणजे गोंधळ, अव्यवस्था, यात तर्क लावायला काही नाही. म्हणजे घोकायचा ढीग हा एवढाच, शेवटच्या दोन प्रकारांचा. तुमच्या ४० च्या यादीत हे सगळे एकत्र कालवलेले असणार, एबीसीडीच्या क्रमाने.

तिने काय करावं ते तिलाच सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून. ताई, यादी बंद. स्टाफ सिलेक्शनचे मागच्या वर्षांचे पेपर घे, त्यातले इडियमचे प्रश्न सोडव, जुनेच बरेचदा फिरून येतात. जो चुकला तोच वहीत, आणि नुसता अर्थ लिहू नकोस, तू कुठल्या ऑप्शनला फसलीस तेही लिही आणि एक वाक्य स्वतःचं कर, घरातल्या माणसांवर केलंस तरी चालेल, ते पटकन लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी एकदा बघ, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. दिवसाला १५ मिनिटं, त्याच्या वर एक मिनिट नाही. बाकी इंग्रजीसाठी रोज एक उतारा वेळ लावून, बास. आणि गणित पुढे ओढ, मॉकमध्ये वेगवेगळा क्रम लावून बघ, सोडलेले १४ प्रश्न नंतर घड्याळ न लावता सोडव, मग कळेल की येत नव्हते का नुसता वेळ गेला.

दुसऱ्या परीक्षांचंही थोडक्यात, कारण लगेच तोच प्रश्न येणार. बँकेच्या परीक्षांत सुटे इडियम कमी, उतारे आणि वाक्यरचना जास्त. सीडीएसच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेच्या, इंग्रजीच्या पेपरात ते येतात. यूपीएससीचा इंग्रजीचा अनिवार्य पेपर लेखी आणि फक्त पात्रतेपुरता, तिथे इडियमच्या यादीने काही होत नाही.

आता बीएड. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, 'मनावर घेतलं नाही' म्हणून. माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न तो आहे. बीएस्सी झालेली मुलगी स्वतःहून शिक्षक व्हायचं म्हणते, आणि घरातलं कुणी तिला एकदासुद्धा 'का गं' विचारत नाही? मी लगेच तिला तिकडे वळवा म्हणत नाहीये, शिक्षकभरतीचंही काही खरं नसतं. सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, दोन वर्षांचा कोर्स करायचा, खालच्या वर्गांसाठी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि जागा कधी निघतील ते निघतील, हे तिला माहीत असायला हवं. कदाचित सीजीएलच्या अभ्यासाला कंटाळून म्हणाली असेल, कदाचित खरंच शिकवायला आवडत असेल, शेजारपाजारची पोरं शिकवत असेल आणि तुमच्या लक्षातही आलं नसेल. दोन्ही शक्यता आहेत आणि कुठली खरी ते फक्त तिला विचारून कळेल. पण विचारताना 'आधी सीजीएल मग बघू' असं वाक्याच्या शेवटी जोडू नका, तसं जोडलं की तो प्रश्न राहतच नाही. सीजीएल तिला स्वतःला हवी असेल तर चार महिने तिचे तिला द्या, वेळापत्रक तिचं, मॉकचे मार्क तिने आपणहून दाखवले तरच बघायचे. आणि नको असेल तर हा दुसरा अटेम्प्ट रेटून काय साधणार आहात तुम्ही, तिसरा?

एवढं झाल्यावर पुढचं पत्र तिला लिहू द्या. गेल्या तीन मॉकमध्ये गणिताचे कुठले प्रश्न सोडले आणि का, एवढं एका कागदावर, आणि बीएडचं नेमकं काय ते तिच्या शब्दांत. पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका, दुरुस्तही करू नका, शुद्धलेखन चुकलं तरी मला चालतं.