जुन्या खाणीवरचं घर: नकाशातला हिरवा रंग पुरेसा नाही

तुम्ही विचारलंय, की घर जुन्या बंद कोळसा खाणीवर आहे, उपग्रहाचा नकाशा आमचा भाग हिरवा म्हणजे स्थिर दाखवतो, तर निर्धास्त राहायचं का? नका राहू. चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणींत सर्व्हे करण्यात माझी उमर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमीन दोन तऱ्हांनी खचते. डिपिलरिंग झालं, म्हणजे छत पेलणारे कोळशाचे खांबही काढून घेतले, की वरची जमीन परातीसारखी बसते. हे लेव्हलिंगला, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याच्या सर्व्हेला सापडतं, उपग्रहालाही. दुसरी तऱ्हा उथळ खाणींतली. खांब उभेच असतात, पण मधल्या गॅलरीचं, म्हणजे कोळसा काढून झालेल्या बोगद्याचं छत ढासळत पोकळी वरवर सरकते आणि एक दिवस विहिरीसारखा खड्डा पडतो. आदल्या दिवसापर्यंत वर मिलिमीटरचाही फरक नसू शकतो. ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली.

असे नकाशे बऱ्याचदा सेंटिनेल-1 या युरोपच्या रडार उपग्रहावरून बनतात. त्याचा एक पिक्सेल साधारण 5 बाय 20 मीटरचा. असा खड्डा त्यात आरामात मावतो. शिवाय त्याच्या रडारची लहर 5.6 सेंटिमीटर लांबीची, त्यामुळे झाडोरा आणि उभं पीक आलं की मोजणी बिघडते. जुलै 2025 मध्ये सोडलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहाची 24 सेंटिमीटरची लहर झाडीत बरी टिकते. पण जी जमीन अजून हललीच नाही, तिच्याबद्दल तोही काय सांगणार?

आता आपली काळी माती. एकदा आमच्या सर्व्हेच्या रेषेवरचे, जमीन किती खचली ते मोजायचे खुंट उन्हाळ्यात दोन-अडीच सेंटिमीटर खाली गेले. सगळे घाबरलो. खाली डिपिलरिंग सुरूही झालं नव्हतं! खुंट मातीतच रोवलेले होते, माती सुकून आक्रसली आणि त्यांना घेऊन बसली. पाऊस पडल्यावर ते परत वर आले. तेव्हापासून मी खुंट काळी माती ओलांडून खाली मुरमात बसवल्याशिवाय वाचन घेतलं नाही. बेंचमार्क, म्हणजे ज्याच्याशी बाकी उंची ताडायची ती पक्की खूण, तर खाणीच्या प्रभावक्षेत्राच्या पार बाहेर हवा. तुमच्या भिंतीच्या भेगाही या मातीच्या असू शकतात. भेगेवर प्लास्टरने काचेची पातळ पट्टी चिकटवा, तारीख घाला. पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे एवढं कळतं. माती सुकतानाही भिंत हलते आणि फुगतानाही, म्हणून दोष मातीचा की खाणीचा, हे एकट्या पट्टीवरून ठरवू नका.

सगळ्यात आधी मिळवा खाणीचा नकाशा. खाण बंद करताना तो डीजीएमएसकडे, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लेखी मागा. दोन आकडे बघा: घराखाली गॅलरी किती खोल आणि किती उंच. पडलेला खडक फुगतो आणि पोकळी भरत जातो, म्हणून ढोबळ हिशेबाने पोकळी गॅलरीच्या उंचीच्या दहापटीपर्यंत वर चढते. म्हणजे 3 मीटरच्या गॅलरीला 30 मीटर. त्याहून कमी खोली असेल तर खरी काळजी करा. पाणी पडलेला खडक वाहून नेत असेल, तर हा हिशेबही धरू नका.

जुना नकाशा काही मीटर चुकीचा असू शकतो, म्हणून खात्री बोअरनेच होते. जमिनीवरून फिरवायच्या रडारवर पैसे घालू नका, चिकण काळ्या मातीत त्याची लहर मरते. बोअर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होऊ द्या आणि स्वतः हजर राहा. रॉड झटक्यात खाली गेला किंवा ड्रिलिंगचं पाणी वर येईनासं झालं, तर तिथे पोकळी असू शकते; ती खोली ताबडतोब वहीत लिहा. कॅमेरा मग त्याच खोलीवर उतरवायला सांगा.