गाव ते तालुका ६ किलोमीटर, रोज सायकलने जाणं परवडेल का?

हो, परवडेल, पण महिना पाहून. आमच्या विदर्भात रस्ता बहुतेक सपाट. साध्या सायकलनेही ६ किलोमीटरला अर्धा तास पुरतो, पेट्रोलचा खर्च नाही, एसटीची वाट पाहणं नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा कितीतरी घरांत मुलीची शाळा सुटता सुटता राहिली. माझ्या दृष्टीने सायकलचा याहून मोठा फायदा नाही.

खरा त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सकाळी १० च्या आत पोहोचा, परत ५ नंतरच निघा, डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी हवंच. दुपारी सायकल उन्हात ठेवू नका, ट्यूब फुटते.

पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेत शिरलात की काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. मग सायकल खांद्यावर! बाभळीचे काटे बाराही महिने, म्हणून पंप घरी ठेवाच.

अंधारात मात्र जपा. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे टॉर्च. कापसाने भरलेल्या गाड्यांच्या दिवसांत तर हे चुकवूच नका.