त्या डावखुऱ्याकडे आधी जा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ज्युदोचा तपकिरी पट्टा मिळाल्याला वर्ष होत आले, तरी डावखुऱ्या जोडीदारासमोर तुझी पकडच बसत नाही, असे तू लिहितोस. आणि रांदोरीसाठी, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या मुक्त लढतीच्या सरावासाठी, रोज त्याच तिघांना निवडतोस, हेही त्याच पत्रात सहज लिहून जातोस. उत्तर तुला ठाऊक आहे, फक्त ते आवडलेले नाही.

ज्याच्यासमोर उभे राहणे नकोसे वाटते, त्याच्याकडे आधी जा. उजव्या पकडीसमोर डावी पकड आली की दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, बाही हाती लागण्यासाठीच झटापट करावी लागते आणि उजव्यांबरोबर वर्षभर घोटलेले पाऊल नेमके त्याच्या पायात अडकते. हे समजावून सांगता येत नाही. त्याच्या हातून पन्नास वेळा आपटल्यावर समजते.

मी ११ वर्षे एका उजव्या सेओइ-नागेवर, म्हणजे पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकण्याच्या एकाच डावावर, काढली. नेवाझात, म्हणजे जमिनीवरच्या डावांत, कच्चा होतो, म्हणून जमिनीवरचा सराव सुरू झाला की मला हमखास तहान लागे. एका स्पर्धेत माझी फेक फसली, प्रतिस्पर्ध्याने मला खाली उलटवले आणि दाबून धरले. त्या काळी इप्पोनसाठी, म्हणजे लढत तिथेच जिंकून देणाऱ्या पूर्ण गुणासाठी, ३० सेकंद धरून ठेवावे लागे, आज २० पुरतात. मी ती ३०च्या ३० भोगली. त्या दिवशी माझे वय शिकण्याचे होते, तेवढे आता राहिलेले नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली. त्याआधी विद्यार्थी असताना त्यांना एक धिप्पाड सोबती आवरत नसे. त्यांनी त्याला टाळले नाही. परकीय कुस्तीचा अभ्यास करून, पुढे काता-गुरुमा म्हणून ओळखली गेलेली खांद्यावरची फेक त्याच्यासाठी शोधली. म्हणून पुन्हा सांगतो: नकोशा जोडीदाराकडे आधी जा.

दुखावलेल्या गुडघ्याने उतरणे मात्र यात येत नाही, आणि सांधा पकडीत अडकला की वेळेवर हात आपटून हार मानायलाही लाजू नकोस. माझ्या वर्गात जोडीदार मीच ठरवतो, म्हणून मुले मला हट्टी म्हणतात. म्हणोत. मला कोणी असे ठरवून दिले असते, तर हे पत्र जरा सौम्य झाले असते.

पुढच्या सरावाची पहिली रांदोरी त्या डावखुऱ्याशी कर. फेक बसली की नाही हे मला कळवू नकोस. पकड नेमकी कुठे सुटली, ते लिही.