क्यू आला, पण यू कुठाय?

या खेपेच्या पत्रांत क्यू, एक्स, झेड आणि जे यांनीच गर्दी केली आहे.

प्रश्न : नातवंडांबरोबर स्क्रॅबल (अक्षरांचे ठोकळे जुळवून इंग्रजी शब्द लावायचा खेळ) खेळतो. हातात क्यू आला आणि यू नसला की मी अडकतो. आमच्या मास्तरांनी तर 'क्यूमागे यू येतोच' असं घोकून घेतलं होतं. यूविना क्यूचे शब्द खरंच असतात का? (एक आजोबा, डोंबिवली)

असतात, आणि त्यातले निम्मे तुम्ही रोज ऐकता. काझी, फकीर, बुरखा, तलाक, कव्वाली : हे सगळे इंग्रजी कोशांत यूविना क्यू घेऊन बसले आहेत. अरबीत 'क' दोन. एक आपला साधा, दुसरा पार पडजिभेपासून काढायचा. मराठीने सरसकट एकच क ठेवला (बुरख्यात तर ख केला). इंग्रजी लिहिणाऱ्यांनी मात्र त्या खोल क साठी क्यू धरला. म्हणून काझी होतो क्यू-ए-डी-आय आणि फकीर एफ-ए-क्यू-आय-आर. के घालून केलेली स्पेलिंगंही चालतात, पण तुम्हाला हातातला क्यू खपवायचा आहे.

मास्तरांचंही चूक नव्हतं. घरच्या इंग्रजी शब्दांना तो नियम लागू पडतो. गंमत म्हणजे ती जोडीसुद्धा बाहेरूनच आली. जुन्या इंग्रजीत राणीला सी-डब्ल्यू-ई-एन लिहीत. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू बसला.

खेळापुरते दोन शब्द पाठच करून ठेवा. क्यू-आय, उच्चार 'ची' : चिनी विचारातली प्राणशक्ती. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिताना च सारख्या एका ध्वनीला क्यू वापरतात, त्यामुळे हे रूप. दुसरा क्यू-ए-टी, 'कात' : येमेनमध्ये गालात धरून चघळतात तो पाला. आपल्याकडे तंबाखूचा बार भरतात, तसंच काहीसं. इराक आणि कतार मात्र लावू नका, विशेषनामं बाद. आणि नातवंडं हुज्जत घालणार हे धरून, कोश कुठला मानायचा ते डाव मांडण्याआधीच ठरवा.

प्रश्न : एक्सने सुरू होणाऱ्या शब्दांचा उच्चार 'झ' का होतो? झायलोफोन सोडून शब्द सांगा. (नववीतली वाचक, सांगली)

असे बरेचसे शब्द ग्रीक आहेत. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीलाही 'क्स' म्हणायचे. इंग्रजी जिभेला शब्दाच्या तोंडाशी ते जमेना, म्हणून झ. तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकातली जलवाहिनी, म्हणजे झायलेम, याच घराण्यातली. 'झायलॉन' म्हणजे लाकूड. तू सोडून दिलेला झायलोफोनही लाकडाचाच आवाज. आपण त्या जातीच्या वाद्याला काष्ठतरंग म्हणतो, म्हणजे शब्द घडवायची रीतही तीच. १८९८मध्ये सापडलेल्या झेनॉन वायूच्या नावाचा अर्थ 'परका'. झेनोफोबिया म्हणजे परक्यांची धास्ती किंवा द्वेष.

पण एक्सने सुरू होऊन एक्सवरच संपणारा शब्द तर तुझ्या शाळेबाहेरच्या दुकानाच्या पाटीवर असेल : झेरॉक्स. ग्रीक 'झेरॉस', म्हणजे कोरडा. चेस्टर कार्लसन या अमेरिकी संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा, तो कापडाने घासून आणलेली वीज, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव, वरून प्रकाश आणि मग भुरभुरलेली पूड. ओली रसायनं कुठेच नाहीत, म्हणून 'कोरडं'. कंपनीचं नाव पुढे आलं. आपण तर त्याचं सामान्यनाम करून 'दोन झेरॉक्स काढ गं' म्हणून मोकळे झालो.

प्रश्न : शब्दकोड्यात अडले आहे. सहा अक्षरं, ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नाही, मध्ये झेड, आणि सूचना 'चंद्र, सूर्य, पृथ्वी एका ओळीत'. (एक गृहिणी, रत्नागिरी)

सिझिजी. एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. तीन वाय घातल्यावर बिचाऱ्या स्वरांना जागाच उरत नाही.

रत्नागिरीला याचा अर्थ मी काय सांगणार! अमावास्या-पौर्णिमेला हे तिघे एका रेषेत आले की सूर्य-चंद्राची ओढ एकवटते आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात, तेव्हा भांगाची भरती. त्यातलं एका रेषेत येणं, तीच ही सिझिजी.

शब्दाच्या पोटात ग्रीक 'झायगॉन' आहे, म्हणजे जू. बैलांच्या मानेवरचं. आणि मराठी 'जू' आलं संस्कृत 'युग'वरून. हे युग, तो झायगॉन आणि इंग्रजी 'योक' एकाच मुळाची भावंडं आहेत. दोघांना एका जुवाला जुंपलं की सिझिजी. जीवशास्त्रातला झायगोटही इथलाच, आणि मराठी पाठ्यपुस्तकात त्याला शब्द आहे युग्मनज. ज्या कोणी तो घडवला, त्याने मूळ धातूसकट भाषांतर केलं. परिभाषेला आपण नेहमी नावं ठेवतो, पण इथे सलाम.

प्रश्न : जे या अक्षराने संपणारा इंग्रजी शब्द आहे का? पैज लागली आहे. (एक वाचक, पुणे)

पैज कुठल्या बाजूने लावलीत ते लिहिलं नाहीत. अस्सल इंग्रजी शब्द जेवर संपत नाही. शेवटच्या 'ज'साठी ब्रिजसारखं डी-जी-ई नाहीतर पेजसारखं नुसतं जी-ई येतं. पण कोशात राज आहे, स्वराज आहे, ताज आहे, हज आहे, आणि ते सगळे जेवर संपतात. स्क्रॅबलमध्ये लावायचे झाले तर एवढं बघा : हजच्या एका स्पेलिंगात दोन जे आहेत आणि पिशवीत जेचा ठोकळा एकच. दुसऱ्यासाठी कोरा ठोकळा राखून ठेवावा लागेल.