तीच बीप एकदा ऐकू येते, एकदा नाही

प्रश्न : वय ६३. एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो. गेल्या महिन्यात कान तपासले. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. नंतर तिथल्या ताई म्हणाल्या, ‘३५ डेसिबलची तीच बीप तीनदा दिली, तुम्ही एकदाच दाबलंत.’ मुलगा म्हणतो, बाबांचं लक्षच नसतं. देवाशपथ सांगतो, डोळे मिटून नुसती बीपची वाट बघत होतो. दोष कानाचा, मशीनचा की माझा? रिपोर्ट सोबत जोडला आहे.
– य. ज., मिरज

उत्तर : या ३५ डेसिबलच्या भांडणात तरी तिघांचाही नाही. मी २६ वर्षं काचेच्या अलीकडे बसून बीप देते आहे. आत्ता ऐकू आलेली बीप मिनिटभराने ऐकू येत नाही, हे आमच्याकडे रोजचंच. म्हणून तर निदान निम्म्या वेळा ऐकू आलेला सगळ्यात हळू आवाज, तीच आम्ही मर्यादा धरतो. तुमचं ३५ तीनात एकदाच लागलं, म्हणून रिपोर्टवर ४० आहेत. शिकत असताना आम्हा मुलींना एकमेकींचे कान तपासावे लागत. मी तर बीप नसतानाच दोनदा बटण दाबलं होतं. मैत्रिणी अजून चिडवतात.

आवाज आला की मेंदू कामाला लागतो, एरवी स्वस्थ असतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शरीराच्या २ टक्के वजनाचा हा अवयव आपण नुसते बसलेलो असतानाही २० टक्के ऊर्जा खातो. एखादं काम दिलं, तर त्या खर्चात जेमतेम ५ टक्क्यांची भर पडते, बहुधा तेवढीही नाही. दुकान आधीपासूनच गजबजलेलं असतं, तुमची बीप हे त्यात शिरलेलं एक गिऱ्हाईक.

मला स्वतःला पटला तो इस्रायलच्या वाइझमन संस्थेतला १९९६ चा प्रयोग. आरिएली, ग्रिनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूच्या दृष्टीच्या भागावर एक खास रंग लावला. पेशींमधला विद्युतदाब बदलला की त्याची चमक बदलते. मग डोळ्यांपुढे तेच ते चित्र पुन्हा पुन्हा धरलं. दर वेळी मेंदूतला प्रतिसाद वेगळाच. अशा फरकाला तोवर खरखर समजून सरासरीत बुडवून टाकायची पद्धत होती. यांनी उलट केलं. चित्र येण्याच्या क्षणी तिथे आधीच काय चाललं होतं ते पाहिलं, त्यात सरासरी प्रतिसाद मिळवला, आणि त्या खेपेचा प्रतिसाद बराचसा जुळला. चिरंजीवांना हेही सांगा, की मांजरांना भूल दिलेली होती. तिथे ‘लक्ष नव्हतं’ म्हणायची सोयच नाही.

तुमच्या बीपच्या जवळचा प्रयोग २००९ चा, फ्रान्समधला. माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून जेमतेम ऐकू येईल असा आवाज मधूनमधून दिला. आवाज येण्याआधीच ऐकण्याच्या भागात हालचाल जास्त असली, तर तो पकडला जाण्याची शक्यता जास्त. इथवर ठीक. पण स्वस्थ बसून इकडचे-तिकडचे विचार करताना मेंदूचं जे जाळं जास्त चालतं, तेही पकडलेल्या आवाजांच्या आधी वर होतं, आणि नेम धरून लक्ष देण्याचं जाळं निसटलेल्या आवाजांच्या आधी! तेव्हा डोळे मिटून, दात आवळून वाट बघण्याने फायदा होतोच असं नाही. पुढच्या वेळी सैल बसा. शंका वाटली तरी बटण दाबा, खरं-खोटं ठरवायला आम्ही आहोत. पुन्हा तपासताना आकडा ५ डेसिबल इकडेतिकडे झाला, तर आम्ही ते मनावर घेत नाही.

आता रिपोर्टबद्दल, तुम्ही विचारलं नसलं तरी. तुम्ही ३५-४० वर अडलात, पण ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजाच्या, रेघेवर दोन्ही कानांना ६० डेसिबल लागले आहेत आणि ८००० ला रेष पुन्हा वर येते, म्हणजे तिथे परत बरं ऐकू येतं. हा खड्डा मेंदूच्या चढउतारांनी पडत नाही. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांच्या कानात तो असा दिसतो, आणि २९ वर्षं इंजिनाच्या घरघरीत तिकिटं फाडलीत तुम्ही. कान-नाक-घसा तज्ज्ञांना हा कागद दाखवा, याच महिन्यात.