पानाची डावी बाजू आणि आखाजीचे मांडे

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. चार महिने पूर्ण कच्चा आहार, सहा किलो वजन कमी, घरी सासूबाई नाराज, ऑफिसात रोज नवा सल्ला, आणि वैशाखात दिराचं लग्न. त्यामुळे 'लोकांत राहून हे टिकवायचं कसं' असं तुम्ही विचारलंय. जाताजाता एक वाक्य आणखी लिहिलंय, 'पाळी थोडी मागेपुढे होते आहे, पण ते डिटॉक्समुळे असेल.' त्या वाक्याकडे मी नंतर येते. माझ्या दृष्टीनं तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच महत्त्वाचं आहे.

माझं माहेर जळगावकडचं, सासर चिंचवडचं. या आहाराला मला अकरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं शंभर टक्के कच्चं, त्यानंतर रोजचं एक जेवण शिजवलेलं आणि बाकी सगळं कच्चं. हा बदल का केला तेही सांगते.

आधी एका शब्दाबद्दल. ऑफिसात तुम्ही 'मी रॉ फूडवर आहे' असं सांगता. ते ऐकलं की समोरच्याला वाद घालायचं आमंत्रण मिळतं. प्रोटीन कुठून मिळतं, माणसाला अग्नी कशाला सापडला, माझ्या मावसभावानं केलं तर त्याचं काय झालं, हे सगळं सुरू होतं. त्याऐवजी 'पथ्य आहे' एवढंच म्हणून बघा. आपल्याकडे पथ्याला मान आहे. उपासवाल्याला जसं कोणी जबरदस्तीनं भरवत नाही, तसंच पथ्यवाल्यालाही. फार तर 'काय झालंय?' असं विचारतात, त्यावर 'काही झालं नाही, मला हे मानवतं' एवढं पुरतं. यात खोटं काहीच नाही, ठरवून पाळलेला आहार म्हणजे पथ्यच की. उपास आहे असं मात्र सांगू नका. मग साबुदाण्याची खिचडी पुढे येते आणि खोटं निस्तरत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट मला कळायला फार वेळ लागला. आपल्या जेवणात कच्चं आधीपासून आहे, ते वेगळं मागावं लागत नाही. पंगतीचं पान डोळ्यांपुढे आणा. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ती डावी बाजू माझी. वाढप्याला 'कोशिंबीर जरा जास्त वाढा, भात नको' असं सांगितलं की तो पुढे सरकतो, त्याला माझ्या तत्त्वज्ञानाशी काही देणंघेणं नसतं. शिवाय खमंग काकडी, मुळ्याचा चटका, पेरूची कोशिंबीर, गाजराचा कीस, सोलकढी, पातळ ताक. चैत्रात हळदीकुंकवाला गेलात तर आंबेडाळ म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कैरीच असते, आणि ओटीत पडतात तेही भिजवलेले हरभरे. आमच्या खानदेशात हिवाळ्यात मेथीचा घोळाणा करतात. कोवळी मेथी, कांदा, तेल, तिखट, मीठ, दाण्याचं कूट, सगळं हातानं कालवायचं. चुलीचा संबंधच नाही. पाथरीच्या पाल्याचाही करतात.

आता कोणी म्हणेल, कोशिंबिरीवर फोडणी असते, कूट भाजलेल्या दाण्यांचं असतं, मग ते कच्चं कसं? कच्च्या आहाराची कडक मंडळी ४० ते ४८ अंशांच्या वर काही तापू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मीही पहिल्या वर्षी नणंदेच्या घरी कोशिंबिरीतली फोडणी चमच्यानं बाजूला काढत बसले होते. तिनं ती कोशिंबीर माझ्यासाठी मुद्दाम केली होती. आज ते आठवलं की वाईट वाटतं. चमचाभर तेल आणि मोहरीनं कोणाचं पथ्य मोडत नाही. लोकांच्या घरी फोडणी आणि कूट चालतं, हे मनाशी पक्कं करून टाका. तुमचा निम्मा त्रास त्यानंच जाईल.

तिसऱ्या वर्षीच्या आखाजीला मी माहेरी गेले. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, लेकी माहेरी येतात. आईनं खापरावर पुरणाचे मांडे केले होते. चुलीपुढे तास-दोन तास बसून, सत्तरीच्या वयात. मी म्हणाले, आई, मला नको, मी काकडी आणि आंबा खाईन. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची पानं मांडली, तर आईचं पान त्यात नव्हतं. ती आत स्वयंपाकघरात माझ्यासाठी भिजवलेले मूग आणि चिरलेली काकडी घेऊन बसली होती, आणि तिच्या ताटलीतही तेच. तिला धड चावता येत नव्हतं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, 'माणसानं एकटं जेवू नये.' बाहेर भाऊ, भावजय, भाचरं जेवत होती, आणि माझ्या नियमापायी घरच्या बाईनं आपलं पान पंगतीतून उचललं होतं.

त्या दिवसापासून माझा नियम बदलला. कोणी स्वतःच्या हातानं, माझ्यासाठी म्हणून केलेल्या पदार्थाला मी नाही म्हणत नाही. एक घास घेते, पूर्ण चवीनं खाते, काय छान झालंय ते सांगते, आणि मग माझ्या ताटलीकडे वळते. प्रसादाचंही तसंच. हॉटेलातलं, केटररचं, ऑफिसच्या वाढदिवसाचा केक, याला मात्र सरळ नाही. त्यामागे कोणाचा जीव गुंतलेला नसतो.

सासूबाईंचं तुम्ही लिहिलंय की 'त्यांना वाटतं मी त्यांच्या हातचं नाकारते.' वाटतं कसलं, चार महिने तुम्ही तेच करताय. मी माझ्या सासूबाईंना एकच काम मागितलं होतं. रोजची कोशिंबीर तुम्ही करा, माझ्या हाताला तुमची चव येत नाही. ते खरंही होतं. पंधरा दिवसांत त्या मंडईतून माझ्यासाठी कोवळी काकडी निवडून आणायला लागल्या. आणि तुमचा आहार घरावर लादू नका. मुलांचा डबा, नवऱ्याची पोळी-भाजी पूर्वीसारखीच राहू दे, आणि ती कोणी करायची ते नवऱ्याशी बसून ठरवा. 'हिचं नवीन खूळ आलं आणि आमचं गरम जेवण गेलं' असं घराला वाटलं, की तुमची काकडीसुद्धा डोळ्यांत खुपते.

गंमतीच्या जेवणांना घाबरू नका. जळगावकडे थंडीत शेतात भरीताच्या पार्ट्या होतात, बामणोदची हिरवी वांगी काटक्यांवर भाजून. कच्चं खाणाऱ्यानं तिथे जायचंच कशाला, असं मलाही वाटायचं. पण त्या भरीताबरोबर कांद्याची पात, मुळा, टोमॅटो, काकडी यांचे ढीग असतात. मी ते धुण्या-चिरण्याचं काम अंगावर घेते. ज्याच्या हातात विळी असते त्याला कोणी विचारत नाही की तू काय खाल्लंस. प्रवासात केळी, खजूर, भिजवलेले शेंगदाणे आणि न चिरलेली काकडी. लग्नाच्या हॉलमध्ये सकाळी चिरून ठेवलेलं सॅलड मात्र नकोच. घरून पोटभर खाऊन निघायचं.

'कच्चं खातेस ना, मग हेही खा' म्हणून लोक काहीही पुढे करतात. अळूचं पान कच्चं खाऊ नका, घसा खाजेल. राजमा मोड आणूनही कच्चा चालत नाही, त्यातलं विष नीट उकळल्याशिवाय जात नाही. वालही शिजवूनच. पावसाळ्यात पालेभाज्या आणि कोबी कच्चे खाणं मी सोडलंय, कितीही धुतलं तरी धाकधूक राहते. मोड आलेली कडधान्यंही त्या दिवसांत वाफवून घेते. गरोदरपणात तर कच्चे मोड पूर्ण बंदच ठेवायचे.

आता तुमच्या त्या वाक्याकडे. पाळी मागेपुढे होणं हे डिटॉक्स नाही. बहुधा शरीराला अन्न पुरत नाही, हे ते सांगतंय. जर्मनीत गीसेनच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या ५१३ जणांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित किंवा बंद झालेली होती, आणि आहारात कच्च्याचा वाटा जितका मोठा, तितका हा त्रास जास्त. माझंही तेच झालं होतं. केस गळत होते, जिना चढताना धाप लागत होती, बी-१२ तळाला गेलं होतं. आणि मी मैत्रिणींना सांगत होते की शरीर शुद्ध होतंय. आखाजीनंतर तपासण्या केल्या, डॉक्टरांनी बी-१२ सुरू केलं, आणि मी रात्रीचं जेवण शिजवलेलं घ्यायला लागले. वरण-भात, भाकरी, भाजी. चार-पाच महिन्यांत सगळं रुळावर आलं. वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही, तुम्ही दूधही सोडलंय. म्हणजे आज ना उद्या तुमचंही बी-१२ कमी होणारच.

गांधीजींनी १९२९ साली साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. काही महिन्यांत तब्येत खालावली, तेव्हा त्यांनी तो थांबवला. या बाबतीत मी त्यांचं तेवढं घेतलं. आपण धरलेली गोष्ट अंगाला लागत नाही असं दिसलं तर ती बदलायची, त्यात कमीपणा नाही. शिजवल्यानं सी जीवनसत्त्व कमी होतं हे खरं. पण गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं हेही तितकंच खरं आहे.

म्हणून सासूबाईंचं 'चेहरा किती उतरलाय' हे प्रत्येक वेळी टोमणा समजू नका. त्या रोज तुमच्याकडे बघतात. मला माझ्या घरच्यांनी सहा महिने आधी सांगितलं होतं, आणि मी त्यांना अडाणी ठरवलं होतं.

तेव्हा माझा सल्ला असा. शंभर टक्क्यांचा हट्ट आजच सोडा. सकाळ-दुपार कच्चं, रात्री सगळ्यांबरोबर बसून एक साधं गरम जेवण. यानं पाळीचाही प्रश्न सुटायला मदत होईल आणि सासूबाईंचाही, कारण दिवसातून एकदा तरी एका पानावर बसणं होतं. वजन आता आणखी उतरू देऊ नका. दाणे, खोबरं, तीळ, केळी यांत हात आखडू नका.

लग्नाचं म्हणाल तर केळवणांची रांग लागेल. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, 'माझं पथ्य आहे, माझ्यासाठी फक्त कोशिंबीर जास्त करा, बाकी काही वेगळं नको.' जेवायला बसल्यावर सांगितलं की घरची बाई कावरीबावरी होते. लग्नाच्या दिवशी सासूबाईंच्या शेजारी पंगतीला बसा आणि गोडाचा पहिला घास त्यांच्या हातून घ्या. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड मात्र याच आठवड्यात तपासून घ्या आणि पाळीचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लग्नाची धावपळ सुरू झाली की ते राहून जाईल. रिपोर्ट आले की इथे लिहा, मी वाट बघते.